टोपीवाले रडत नाहीत

नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या त्या मंगल कार्यालयात एरवी लग्नं लागतात. पितृपक्षात लग्नं नसतात, हॉल रिकामा पडतो. तो रिकामा हॉल यंदा तसबीरनाथ महाराजांनी घेतला होता आणि सकाळपासून दारात रांग लागली होती.

रांगेतल्या प्रत्येकाच्या छातीशी एक फ्रेम होती. कुणी टॉवेलात गुंडाळलेली, कुणी साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत घातलेली, तर कुणी झोपलेलं मूल सांभाळावं तशी खांद्याशी टेकवलेली. रिक्षातून, दुचाकीवरून, सिन्नरच्या एसटीतून माणसं आपापली गेलेली माणसं घेऊन आली होती. एवढी गर्दी, पण गलका नव्हता. जो तो आपल्या फ्रेमपाशी एकटा उभा होता.

मैनाबाईही उभ्या होत्या. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेली ही बाई, आता पंचवटीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटीच राहत होती. तिच्या फ्रेममध्ये खंडेराव होते, तिचे यजमान. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि पुढच्याच दिवाळीत गेले. त्यांचा फोटो घरी बाहेरच्या खोलीत खिडकीसमोर लावलेला होता आणि या उन्हाळ्यापासून तो फिका पडत चालला होता. गालांवरचा रंग गेला, सदरा पांढुरका झाला. शेजारची तेजस्विनी एकदा साखर मागायला आली आणि दारातच थबकली.

"काकू, काका निघून चाललेत फोटोतून," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्यांचंही असंच झालं होतं. महाराजांनी एका बैठकीत सांगितलं काय ते. तुम्ही चला माझ्यासोबत."

मैनाबाईंचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण विश्वास नसणं वेगळं आणि रोज संध्याकाळी भिंतीवरचा एक चेहरा पुसट होताना एकटीनं बघत बसणं वेगळं. त्या गेल्या.

व्यासपीठावर नवरदेवाची लाल मखमली खुर्ची होती. तिच्यावर महाराज बसले होते. समोर तांब्या, तांब्यात रामकुंडाचं तीर्थ. एक शिष्य फ्रेमचे खिळे उपटून फोटो बाहेर काढी. "आत्म्याला काचेचा अडसर नको," असं तो प्रत्येकाला सांगे. महाराज फोटो उभा धरत, दर्भाची काडी तीर्थात बुडवत आणि फोटोतल्या कपाळावर शिंपडत. मग सगळा हॉल श्वास धरून बघे.

काही फोटो कोरडेच राहत. "तृप्त आहे. घेऊन जा," महाराज म्हणत. पण बऱ्याच फोटोंच्या डोळ्यांतून काळं पाणी ओघळू लागे. कपाळावरून भुवईत, भुवईतून डोळ्यात, डोळ्यातून गालावर. हॉलमधून हुंदका फुटे.

"माई, देह म्हणजे सिमकार्ड," महाराज एका बाईला समजावत होते. "ते जळालं. पण नंबर चालू आहे. तो वरून कॉल करतोय आणि इकडे कुणी उचलत नाही. म्हणून रडतोय. हे तीर्थ म्हणजे टॉवर. टॉवर जवळ आला की रेंज मिळते, रेंज मिळाली की अश्रू येतात. विज्ञान आहे हे, विज्ञान."

मैनाबाईंच्या पुढे पेठकडची एक आदिवासी म्हातारी होती, भागीबाई. तिच्याकडे फ्रेमही नव्हती. मोबाइलवरचा फोटो झेरॉक्सच्या दुकानातून मोठा करून आणलेला, पुठ्ठ्याला चिकटवलेला. तो तिच्या पोराचा होता, बुधाचा. निफाडकडे द्राक्षबागेच्या कामाला गेला होता, जिवंत परतला नाही. बुधा धो धो रडला.

"तू धाडलंस त्याला कामाला," महाराज म्हणाले. "तो तेच म्हणतोय. आईनं धाडलं म्हणून गेलो."

भागीबाईनं पुठ्ठा पदराखाली ओढला. तिथंच पायरीवर बसली.

मग खंडेराव. शिष्यानं खिळे काढले, शिंपण झालं आणि मैनाबाईंच्या डोळ्यांदेखत खंडेरावांच्या डोळ्यांतून काळा ओघळ निघाला. बाईंनी नकळत पुढे होऊन हातरुमालानं तो टिपला, जसा माणसाचा टिपावा.

"तुम्ही याच्याशी बोलता," महाराज फोटोकडे बघतच म्हणाले. ते माणसांकडे बघत नसत, तसबिरीकडेच बघत.

बाई चरकल्या. "हो. तुम्हाला कसं कळलं?"

फोटो छातीशी धरून एकटी आलेली म्हातारी त्या फोटोशी बोलते, हे ओळखायला त्रिकालज्ञान लागत नाही. पण ते घरी बसून सुचतं, व्यासपीठासमोर नाही.

"बोलणं बंद करा. तुमच्या बोलण्याच्या दोरीनं त्याला बांधून ठेवलंय. तो सुटायला बघतो, तुम्ही ओढता. सर्वपित्रीला तसबीर इथं आणा, आपण सगळ्या गोदागंगेत सोडू. आणि त्या खिळ्याला ही लावा."

शिष्यानं हातात एक फोटो ठेवला. स्वतः महाराज, मागे निळं तेज, चेहऱ्यावर तृप्त हसू.

त्या संध्याकाळी मैनाबाई घरात एक शब्द बोलल्या नाहीत. एरवी कुलूप काढतानाच सुरुवात व्हायची. लिफ्ट बंद आहे, दूधवाल्यानं पुन्हा पिशवी दारात टाकली, वरच्या मजल्यावर कुणी गिटार शिकतंय आणि शिकेल असं वाटत नाही. काय विशेष बोलायच्या? काहीच नाही. पण दिवसातलं तेवढंच बोलणं होतं. आता खंडेराव टेबलावर उताणे पडले होते, गालावर दोन काळे पाट. आणि बाई स्वयंपाकघरात ओठ मिटून भाकरी थापत होत्या, जणू एक शब्द निसटला तर पलीकडे कुणाच्या पायातली बेडी आवळेल.

भाकरी झाल्यावर रुमाल धुवायला घेतला आणि हात थांबला.

रुमालावरचा डाग काळा नव्हता. मध्ये करडा, त्याच्या बाहेर निळा, निळ्याच्या कडेला गुलाबी आणि अगदी काठाला पिवळसर झाक.

हा डाग बाईंच्या ओळखीचा होता. तिसरीच्या वर्गात त्या दरवर्षी एक गंमत करत. काळ्या स्केचपेननं खडूवर बुडापासून थोडं वर एक रेघ ओढायची आणि तो खडू वाटीभर पाण्यात उभा करायचा, रेघ पाण्याच्या वर राहील असा. पाणी वर चढे आणि काळ्या रेघेतून निळा, गुलाबी, पिवळा असे रंग निघत. मुलं डोळे विस्फारत. "काळ्याच्या पोटात बाकीचे रंग लपून बसलेले असतात," बाई सांगत. "पाणी आलं की ते पळत सुटतात. कोण जोरात पळतं बघा."

अश्रूला असे रंग कुठून येणार? हे शाईचे होते.

एकदा डोक्यात प्रश्न शिरला की बाईंना चैन पडत नसे. त्या रुमाल हातात घेऊन खुर्चीत बसल्या आणि सकाळची सगळी रांग पुन्हा डोळ्यांसमोरून नेऊ लागल्या. कोण रडलं होतं? बुधा, दाट केसांचा. सिन्नरच्या एका माणसाची आई, काळ्याभोर केसांची. खंडेराव तर फोटो काढायच्या दिवशी खास कलप लावून गेले होते. आणि कोण रडलं नव्हतं? एक टक्कल पडलेले गृहस्थ. आणि पांढऱ्या टोपीतले खेड्यांवरचे सगळे आजोबा. एकही टोपीवाला रडला नव्हता. सगळेच्या सगळे तृप्त.

महाराज पाणी शिंपडत ते कपाळाच्या वरच्या काठाला. कपाळाच्या वर काळे केस असले तर शाई सुटून खाली वाहत होती. पांढऱ्या टोपीत शाईच नसते. टोपीतून काय वाहणार?

बाईंना हसू आलं. हसता हसता त्या टेबलाकडे वळल्या, खंडेरावांना सांगावं म्हणून, आणि गप्प झाल्या. अजून खात्री नव्हती. काही काळ्या केसांचेही कोरडे राहिले होते. ते का?

दुसऱ्या दिवशी त्या बसनं देवळाली कॅम्पला गेल्या. तिथं दिनेशचा पोर्ट्रेट स्टुडिओ होता. भिंतीवर फौजी जवान, त्यांच्या बायका, नव्या गणवेशातले रिक्रूट, सगळे हनुवटी किंचित वर करून बसलेले. खंडेरावांचा फोटो इथलाच होता, निवृत्तीच्या वेळी काढलेला.

दिनेशनं फोटो हातात घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काकू, याला पाणी लागलंय. पाणी लागलेल्याची गॅरंटी नसते."

"पाणी नंतर लागलं. त्याआधी उन्हाळ्यातच फिका पडला. आणि पाणी लागल्यावर तुझ्या भिंतीवरच्या या जवानाचा फोटो असाच वाहील का?"

"नाही. तो लॅबचा आहे."

"आणि हा?"

दिनेश जरा घुटमळला. "तुम्हाला दहाव्याला फोटो पाहिजे होता. ऐन दिवाळी होती, लॅब बंद. मग मी इथल्याच शाईच्या प्रिंटरवर काढून दिला. नंतर लॅबचा करून देणारच होतो. तुम्ही आलाच नाहीत."

"तू सांगितलं नाहीस."

"तशा दुःखात काय सांगायचं, काकू? की हा कच्चा आहे, पक्का नंतर घेऊन जा?"

"तसंच सांगायचं. मी शाळेतली बाई आहे, मला कच्चं आणि पक्कं दोन्ही समजतं."

दिनेश ओशाळला. मग त्यानं नीट समजावलं. प्रिंटर कागदावर शाईचे बारीक थेंब उडवतो, ते वरच्या थरात मुरतात. स्वस्त शाई पाण्यात विरघळते आणि उन्हात उडते. लॅबच्या फोटोत वरून शाई मारलेली नसते. तिथं प्रकाशानं आणि रसायनांनी रंग कागदाच्या थरातच तयार होतो. वरून पाणी शिंपडा, पुसून टाका, काही होत नाही. बोलता बोलता त्यानं बाटलीतलं पाणी दोन रद्दी फोटोंवर टाकलं. एकातून काळं ओघळलं. दुसरा तसाच.

"साधं बाटलीतलं पाणी," बाई म्हणाल्या. "रामकुंडाचंही लागत नाही तर."

"गेल्या महिन्यापासून असे चार-पाच जण आले," दिनेश हळूच म्हणाला. "रडलेले फोटो घेऊन. मी गुपचूप नवे काढून दिले."

"आणि काय सांगितलंस त्यांना?"

"काही नाही. ते म्हणाले महाराज, मी म्हणालो बरं. नाहीतर काय, माझाच प्रिंट कच्चा होता असं मी सांगत बसू?"

"म्हणजे तू एक वाक्य वाचवलंस आणि त्यांचा बाप अडकला."

दिनेशनं मान खाली घातली. खंडेरावांची मूळ फाइल त्याच्या कॉम्प्युटरमध्ये होती. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी लॅबचा प्रिंट देतो, पैसे नको, म्हणाला. सोबत येशील का, असं बाईंनी विचारलं, तेव्हा मात्र त्यानं नकार दिला. "माझं दुकान आहे, काकू."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पर्समधून एक जुनं ओळखपत्र काढलं, डी.एड. कॉलेजचं. त्यावर दोन वेण्या घातलेली मुलगी होती. "याचे दोन मोठे फोटो करून दे. एक लॅबचा आणि एक त्या शाईच्या प्रिंटरवर."

"ही कोण?"

"आहे एक. माझ्या जवळची."

सर्वपित्रीला हॉल गच्च भरला होता. रडलेल्या तसबिरींचा ढीग व्यासपीठाच्या कडेला रचलेला, गंगेवर न्यायला तयार. बुधाचा पुठ्ठा त्यात सगळ्यात वर होता, कारण भागीबाई पहाटेच्या गाडीनं सगळ्यांच्या आधी आली होती आणि ढिगाजवळून हलत नव्हती. मैनाबाईंनी खंडेरावांना आणलं नव्हतं. त्यांच्या हातात वेगळीच फ्रेम होती.

त्या व्यासपीठासमोर उभ्या राहिल्या. फ्रेम छातीशी घट्ट धरली. इतकी वर्षं वर्गासमोर उभं राहिलेली बाई, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत सगळे आपले असतात. इथं कुणी नव्हतं. तेजस्विनीनं देखील तोंड फिरवून जागा बदलली होती.

शिष्यानं फोटो काढून दिला. महाराजांनी तो उभा धरला.

"नाव?"

"यमुना."

दर्भ कपाळाला लागला. वेण्यांच्या भांगातून काळं पाणी निघालं, डोळ्यांत उतरलं, गालांवर आलं. हॉल हळहळला. किती कोवळी मुलगी.

महाराजांनी डोळे मिटले. "नाव पाण्याचं. गेलीही पाण्यातच."

"विहीर होती का, महाराज?"

"विहीरच. जुनी, पायऱ्यांची. बोलावते आहे. म्हणते आहे, माझं लग्न राहिलं, माझा संसार राहिला. फार तहानलेली आहे."

"तिच्यासाठी काय करू?"

"तुम्ही तिच्या कोण?"

मैनाबाईंनी डोक्यावरचा पदर मागे सारला. "मीच ती. लग्नात माझं नाव बदललं, यमुनाची मैना झाले. संसार झाला, महाराज. चांगला झाला. आणि विहिरीत पडले नाही मी. पंचवटीत राहते, तिसऱ्या मजल्यावर."

त्यांनी ओला फोटो स्वतःच्या चेहऱ्याशेजारी धरला. हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके, फोटोतही तिथंच, तसेच. पुढच्या रांगेतला एक जण उठून जवळ आला. त्यानं चेहरा पाहिला, फोटो पाहिला.

"अरे, हीच बाई हाय," तो मागे वळून म्हणाला.

"आत्म्याची चेष्टा करता," महाराजांचा आवाज चढला. "जिवंतपणी रडतेय, याचा अर्थ कळतो का? मृत्यूची सूचना आहे ही."

"मग ही का रडत नाही?" बाईंनी पिशवीतून दुसरा फोटो काढला. तीच मुलगी, त्याच वेण्या. महाराजांच्याच तांब्यातलं तीर्थ ओंजळीत घेऊन त्यावर ओतलं. पाणी कमळाच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळलं. मुलगी हसतच राहिली. "दोन्ही मीच. एकीचा आत्मा अडकला आणि दुसरीचा मोकळा, असं कसं?"

मग बाई हॉलकडे वळल्या. आवाज आता वर्गातला होता. "मुलांनो," त्या म्हणाल्या आणि थबकल्या, "मंडळी, हा फोटो शाईच्या प्रिंटरवरचा. शाई पाण्यात विरघळते. हा लॅबचा, त्यात वरून मारलेली शाईच नसते. रडतो तो कागद. आठवून बघा, पांढऱ्या टोपीतला एक तरी आजोबा रडला का? टोपीत काळी शाईच नाही. ज्याच्या डोक्यावर काळे केस आणि फोटो शाईचा, तेवढाच रडतो. माझ्यावर विश्वास ठेवू नका. महाराजांवरही ठेवू नका. पाणी इथं आहे, फोटो तुमच्या हातात आहेत."

लोक आपापल्या फ्रेमकडे बघू लागले. मग त्या पुढच्या माणसानं शिष्याच्या टेबलावरचा महाराजांचा फोटो उचलला आणि अख्खा तांब्या त्याच्यावर रिता केला. निळं तेज जसंच्या तसं. स्वतःचा फोटो महाराजांनी चांगल्या लॅबमधून काढून घेतला होता.

"महाराज तृप्त हायत," कुणीतरी मागून म्हणालं आणि हॉलमध्ये पहिल्यांदाच हशा पिकला. त्या हशातच महाराज आणि शिष्य मागच्या दारानं, जिथून लग्नात आचारी ये-जा करतात तिथून, निघून गेले.

सगळेच हसले असं नाही. काही जण चिडले. तेजस्विनी म्हणाली, "काकू, कुणाच्या श्रद्धेला असा हात घालू नये," आणि सासऱ्यांची फ्रेम घेऊन तरातरा गेली. पुष्कळ जण मात्र ढिगातून आपापली माणसं शोधू लागले.

भागीबाई जवळ आली. पुठ्ठा तिनं पदराखाली धरला होता.

"बाई, मंग माझा बुधा रडत नव्हता?"

"नाही. झेरॉक्सवाल्याच्या प्रिंटरची शाई होती ती."

"मंग त्याला काय वाटत असंल? मी धाडलं त्याचं?"

इथं एक गोड खोटं बोलता आलं असतं. बाईंच्या ओठांवर आलंही. पण ते बोलल्या असत्या तर त्यांच्यात आणि त्या लाल खुर्चीत फरक उरला नसता.

"ते मला माहीत नाही, भागीबाई. कुणालाच माहीत होणार नाही. माहीत आहे असं जो सांगेल तो खोटं सांगेल. पण पोटासाठी पोराला कामाला धाडलं, यात आईचा गुन्हा नसतो. हे मला माहीत आहे."

भागीबाईनं पुठ्ठ्याची कड पदरानं पुसली. "मंग घेऊन जाते याला घरी," ती म्हणाली.

बाईंनी तिला जुन्या सीबीएस बसस्थानकावर पेठच्या गाडीत बसवलं. पुठ्ठ्याला पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी दिली. दिनेशचा पत्ता दिला, आणि पक्का फोटो मागून घे, तो देईल, असं सांगितलं. देईल असं त्यांना खरंच वाटत होतं.

घरी आल्यावर त्यांनी खंडेरावांचा नवा फोटो आतल्या भिंतीवर लावला, जिथं ऊन येत नाही. स्वच्छ चेहरा, कलप लावलेले केस, हनुवटी किंचित वर. बाई समोर उभ्या राहिल्या आणि बोलायला तोंड उघडलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आज हॉलमध्ये आपण आपलंही काहीतरी पुसून आलो आहोत. रडणारे खंडेराव नव्हते, तर इतके दिवस ऐकणारेही खंडेराव नव्हते. एक बाजू खरी मानून दुसरी सोडता येत नाही. गणित तसं चालत नाही.

घर फार शांत होतं. वरच्या मजल्यावरचं गिटारही बंद होतं.

"आज अमावास्येमुळे बस भरून आली होती," बाई म्हणाल्या. खंडेरावांना ऐकू जात नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण बोलणं त्यांचं स्वतःचं होतं, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती आणि त्यानं कुणी कुठं अडकत नव्हतं. त्या बराच वेळ बोलल्या. मध्ये मध्ये थांबल्या, उत्तर येणार नाही हे माहीत असून.

आता अधूनमधून कुणीतरी तिसऱ्या मजल्यावर फ्रेम घेऊन येतं. देवळालीच्या एका स्टुडिओत काउंटरवर पाटी लागली आहे म्हणे, "शाईचा प्रिंट कच्चा असतो, पक्का मागून घ्यावा", आणि तिथला फोटोग्राफरच लोकांना हा पत्ता देतो. बाई पाहुण्याला पाणी देतात, फोटो उलटा-सुलटा बघतात आणि एकच गोष्ट सांगतात. तीच तुम्हालाही सांगून ठेवतो, कारण दुःखात माणसाला साधी गोष्ट सुचत नाही आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी तांब्या घेऊन पुढे येतं. तुमच्या घरातला फोटो फिका पडला, त्याचा रंग उतरला, डोळ्यांतून पाणी आलं, तर कुठं जाऊ नका. बोट ओलं करा आणि फोटोच्या कोपऱ्यात हलकेच लावून बघा. बोटाला रंग आला तर ती शाई आहे. तुमच्यावर कुणी रागावलेलं नाही.